कणगीतली ठेव

आमच्या घरात बारा वर्षं दारूची बाटली होती, हे मी आज पहिल्यांदाच उघडपणे लिहिते आहे. माझ्या माहेरी, कर्जतला भिसेगावात, हे तेव्हा कळलं असतं तर वडील दुसऱ्या दिवशी मला न्यायला दारात उभे राहिले असते. बरं, बाटली कुठे कोनाड्यात दडवलेली नव्हती. भाताच्या कणगीत, भाताच्या पोटात, आडवी निजवून ठेवलेली होती. आणि तिची राखण कोण करत होतं? माझ्या सासूबाई. दारूचं नुसतं नाव काढलं तरी ज्यांच्या कपाळावर आठ्या चढायच्या, त्या सासूबाई.

माझं सासर चौक आणि रसायनीच्या मधलं एक लहान गाव. भाताची शेती, शेणाने सारवलेलं घर, पुढे ओटी. सासऱ्यांना मी पाहिलं नाही. ते माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेले. गावात विचारलं तर लोक म्हणायचे, "आजारी व्हते." कसले आजारी! हातभट्टीने गेले, स्पष्टच सांगते. दारूबंदी सरकारच्या कागदावर होती, आमच्या शिवारात नव्हती. सासूबाईंनी त्यांना शेताच्या बांधावरून उचलून आणलंय, ओढ्यातून बाहेर काढलंय, त्यांचा मार खाल्लाय आणि वर त्यांना पेजही भरवलीय. पदरात एकच मुलगा. तोच माझा नवरा. हा बापाच्या वाटेने जाऊ नये, यापलीकडे त्या बाईने देवाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

आमचे हे रसायनीला एका कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी घरी आले की सासूबाई पाय धुवायला तांब्या घेऊन दारात हजर. मला नवी नवरी असताना वाटायचं, काय माया आहे! आठवड्याभराने लक्षात आलं की तांब्या हे निमित्त. पाणी ओतायला म्हणून त्या वाकायच्या आणि लेकाच्या तोंडाचा वास घ्यायच्या. पण कारखाना पडला औषधांचा. यांच्या कपड्यांनाच रोज काहीतरी गोडसर, उग्र वास यायचा, अगदी दारूसारखा. मग सुरू.

"वास येतोय रं."

"आई, औषधाचा हाय."

"समदी औषधाचाच म्हनतात."

मी एकदा या संभाषणावर फिदीफिदी हसले. सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहून माझं हसू घशातच राहिलं.

अशात कारखान्यात एक नवं यंत्र आलं आणि ते बसवायला एक फ्रेंच साहेब आला. उंच, लालबुंद, पस्तिशीचा. यांना त्याच्या हाताखाली दिलं होतं. साहेब दुसऱ्याच आठवड्यात पोटाने आडवा झाला. गेस्ट हाउसचा खानसामा त्याला कोंबडीचा रस्सा पाजत होता, म्हणजे आगीत तेलच. यांनी घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई कडाडल्या, "आरं मारतील त्याला! कुनाचं लेकरू ते, कुठून आलंय!" दुसऱ्या दिवसापासून जुन्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं असा डबा सुरू झाला. हे लोणचं मुरून मुरून काळं पडलेलं, माझ्या लग्नाच्याही आधीचं. आमच्याकडे ते आजाऱ्यालाच मिळतं. मी दोनदा मागितलं तर "तुला काय धाड भरलीय?" असं उत्तर मिळालं होतं.

साहेब दहा दिवस पेज प्यायला आणि उठून बसला. त्याला त्या लोणच्याचं फार अप्रूप वाटलं म्हणे. हे किती जुनं आहे, कशात ठेवता, हात लावता की नाही, असं यांना विचारत बसायचा. तांदूळसुद्धा जुना करून खातात हे ऐकून तर तो खूश झाला. म्हणाला, आमच्या घरीही हाच धंदा आहे. धंदा कसला, ते आम्हाला तो जाताना कळलं.

परत जायच्या दिवशी साहेब जीप घेऊन आमच्या दारात आला. चपला बाहेर काढून ओटीवर चढला, सासूबाईंना हात जोडले, आणि पिशवीतून एक काळसर हिरवी बाटली काढून त्यांच्या हातात दिली. आमचे हे सातवी शिकलेले, इंग्रजी कारखान्यात उचललेलं. मी मॅट्रिक. मला त्याचं बोलणं बहुतेक सगळं कळलं. तो सांगत होता: आमच्या घराचा एक डोंगरउतार आहे, त्यावर द्राक्षाच्या वेली आहेत, माझ्या आजोबांच्या वडिलांनी लावलेल्या. ही लाल वाइन तिथली. ह्यातली द्राक्षं मी दहा-अकरा वर्षांचा असताना स्वतःच्या हाताने खुडली आणि वडिलांनी ही बाटली भरली. माझ्या वाढदिवसाला उघडायची म्हणून बरोबर आणली होती, पण वाढदिवसाला मी तुमची पेज प्यायलो. आता ही तुमची. ठेवा. आणखी दहा वर्षं, आडवी, अंधारात, थंड जागेत. मग बघा.

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. "काय म्हनतोय?"

हे म्हणाले, "सायब म्हनतोय, ही ठेवा. दहा वरसं. आडवी, काळोखात."

"काय हाय हिच्यात?"

"द्राक्षाचा रस. जुना."

"दारू ना रं?"

 यांना खोटं बोलायची सवयच नाही, आजही नाही. "हां," म्हणाले शेवटी.

सासूबाईंचा चेहरा मी पाहिला मात्र. ओटीखाली पाय धुवायचा दगड होता. मला तिथे फुटलेली बाटलीच दिसायला लागली. आणि समोर तो बिचारा साहेब हसतमुखाने उभा! पण सासूबाईंच्या डोक्यात यांचा तो 'ठेवा' शब्द अडकला होता. त्या सावकाश म्हणाल्या, "म्हंजी सायब ठेव ठेवून चाललाय काय? दहा वरसांनी येऊन नेनार?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबाने 'तुमची' म्हटलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "हो आई. ठेवच आहे ती. परत न्यायला येणार आहेत."

'ध'चा 'मा' मी केला. अजून कबूल करते.

कारण माझ्या सासूबाईंचं एक होतं. दारू त्यांनी फोडली असती, पण दुसऱ्याची ठेव? गावातल्या दोन-तीन बायका माहेरी जाताना आपले डागदागिने त्यांच्याकडे ठेवून जायच्या आणि निश्चिंत असायच्या. ठेव म्हटल्यावर त्यांचे हात बांधले गेले. त्यांनी बाटली पदराने पुसली, साहेबाला मानेनेच 'बरं' म्हटलं आणि आत गेल्या. माजघराच्या काळोख्या कोपऱ्यात भाताची कणगी होती. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, माझ्या खांद्याएवढी उंच. त्यात हात घालून त्यांनी भात उकरला, बाटली आडवी ठेवली आणि वरून भात सारखा केला. आडवी, काळोखात, थंड. साहेबाने सांगितलेलं तिन्ही झालं.

मला म्हणाल्या, "तांदूळ जुना झाला की पोटाला हलका पडतो. द्राक्षाचं बी तसंच आसंल." हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे काय झालं ते मला कळायला थोडे महिने लागले. दर शनिवारी अंघोळ झाली की सासूबाई कणगीत खांद्यापर्यंत हात घालायच्या. चाचपायच्या. बाटलीच्या बुचावरच्या पातळ पत्र्याच्या टोपणावर बोटं फिरवून बघायच्या, धड आहे ना. मग हात बाहेर काढून भाताचा तूस झटकायच्या आणि दिवसभर त्यांचा आवाज जरा मऊ असायचा. मला आधी वाटलं, चोरांची भीती. आमच्याकडे चोर काय नेणार, मडकी? मग एक दिवस उलगडलं. कारखान्याच्या वासाने नाकाचा भरवसा गेला होता. आता घरातच बाटली होती, लेकाला ठाऊक होती आणि टोपण शाबूत होतं. सासूबाई दर शनिवारी आपला मुलगा तपासत होत्या.

यांनाही ते कळत होतं. एकदा भात कांडायला काढताना मला हळूच म्हणाले, "आई बाटली नाय बघत गं. मला बघते."  मला इतका राग आला सासूबाईंचा! पण रागावू तरी कशी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

वर्षं अशीच गेली. दिवाळीच्या सुमाराला कणगी नव्या भाताने भरायची, तेव्हा बाटली तळाशी जायची. पावसाळ्यात भात खाली गेला की ती उघडी पडायची, मग सासूबाई तिला गोणपाटात गुंडाळून मातीच्या जमिनीवर निजवायच्या. माझी दोन बाळंतपणं झाली. पोरं बोलायला लागली. पोरांनाही माहीत होतं, कणगीत फ्रेंच साहेबाची ठेव आहे आणि तिला हात लावायचा नाही.

मग कारखान्यात संप झाला. चार महिने गेट बंद. काम नसलेल्या माणसाला घरात बसवत नाही म्हणून सगळे जाऊन चौकला हायवेवरच्या ढाब्यांशी बसायचे. काही जण चहावर थांबायचे, काही थांबायचे नाहीत. हेही जायचे. सासूबाईंचा हात आता शनिवारी नाही, रोज कणगीत जायला लागला.

एका दुपारी मी विहिरीवरून आले तर माजघरात कणगीला टेकून हे बसलेले आणि मांडीवर बाटली. माझ्या डोक्यावरची कळशी कशी पडली नाही ते देवाला माहीत.

"अहो!"

"वाचतोय गं," ते म्हणाले. बाटलीवरच्या कागदावर बोट फिरवत होते. "हे बघ, चित्र हाय. दगडाचं घर, मागं डोंगर. खाली नाव हाय त्यांचं. चार पिढ्या एकाच डोंगरावर, एकच काम. मला चार महिनं झालं कामच नाय." मग बाटलीकडे बघून हसले. "हिला बरं हाय. पडून ऱ्हायलं तरी किंमत वाढते."

मीही हसले, आणि वर पाहिलं तर दारात सासूबाई, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन. त्यांनी मोळी तिथेच टाकली. आत आल्या, लेकाच्या मांडीवरून बाटली उचलली, टोपण चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि ती भातात घातली.  हे उठून बाहेर गेले. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, लेकाशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

मग माझा तोल सुटला. "आई, टोपण धड होतं ना? मग आणखी काय पुरावा पाहिजे? विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवा, नाहीतर ती बाटली फोडून मोकळ्या व्हा एकदाच्या!"

"दुधानं तोंड पोळलंय माजं," त्या शांतपणे म्हणाल्या.

"म्हणून ताक काय जन्मभर फुंकतच बसणार?"

"बसनार." त्या माझ्याकडे न बघता शेंगा सोलत राहिल्या. "तुजं तोंड पोळलं नाय गं बाय. देव करो नि कदी न पोळो. मला नको शिकवू."

 मी त्यांच्या शेजारी बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या दिवसांनी संप मिटला, हे कामावर गेले, आणि सासूबाईंचा हात पुन्हा फक्त शनिवारी कणगीत जायला लागला. पण जात राहिला.

साहेब आला तो बारा वर्षांनी. यंत्राची काही दुरुस्ती होती. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण हसू तेच. कारखान्यात उतरल्या उतरल्या यांना शोधून काढलं आणि म्हणाला, पेजवाल्या आईंकडे जायचं. रविवारी सकाळी जीप दारात.

सासूबाई आता वाकल्या होत्या. साहेब ओटीवर बसतो न बसतो तोच त्या आत गेल्या, कणगीत हात घातला, आणि बाटली घेऊन आल्या. पदराने तूस पुसला आणि बाटली त्याच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या सायब. तुमची ठेव. दोन वरसं उशीर केलात."

साहेब बघतच राहिला. यांच्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो, बाटली फिरवून बघतो. म्हणाला, पण ही तर मी तुम्हाला दिली होती! मला वाटलं, तुम्ही केव्हाच प्यायला असाल. हे खाली मान घालून बसले. आता सांगणं मलाच भाग होतं. इंग्रजीत त्याला आणि मराठीत सासूबाईंना, एकाच वेळी मी माझं बारा वर्षांचं खोटं उलगडलं. घाम फुटला मला.

"म्हंजी आपलीच व्हती?" सासूबाई म्हणाल्या. "बारा वरसं?"

"हो."

"आनि तू खोटं बोललीस?"

"बोलले. तुम्ही फोडली असतीत ना."

त्या विचारात पडल्या. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "फोडली असती." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला इतकं हायसं वाटलं, काय सांगू!

साहेबाने बाटलीवरचा कागद अंगठ्याने पुसला. त्याचे वडील गेले होते. डोंगरावर आता भाऊ होता. त्या सालची एकही बाटली आता घरी नाही, म्हणाला, मला वाटलं होतं जगातच कुठे नसेल. बोलताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. मग त्याने विचारलं, इथे उघडू का?

याचं मी भाषांतर केलं आणि आम्ही सगळे सासूबाईंकडे बघायला लागलो. तीस वर्षं ज्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कुणाच्या ओठाला थेंब लागू दिला नव्हता, त्या उंबऱ्यावर हा प्रश्न पडला होता. त्या उठल्या आणि आत गेल्या.  मला वाटलं, संपलं. मग त्या स्टीलचे तीन पेले घेऊन आल्या.

"पावन्याला एकट्याला कसा प्यायला लावायचा?" त्या म्हणाल्या. एक पेला साहेबापुढे ठेवला. एक माझ्यापुढे. "तुला बी. येवडी वरसं खोटं सांभाळलंस, त्याची चव तरी बघ." तिसरा त्यांनी हातातच धरला होता.  मग तो त्यांनी लेकाच्या हातात दिला. "घे रं. माज्यासमोर घे."

हे म्हणाले, "आई, मला नको."

"घे म्हनते ना."

साहेबाच्या खिशातल्या चाकूला बूच काढायचा पेच होता. बूच भुसभुशीत झालं होतं, अर्धं चुरा होऊन आलं. त्याने बाटली उजेडासमोर धरून इतकी हळू कलती केली की आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. तळाला गाळ होता. तो हलू न देता वरचं निवळ तेवढं ओतलं आणि शेवटचं बोटभर तसंच बाटलीत सोडलं. सासूबाईंनी मान हलवली. ही रीत त्यांना पटली.

रंग लाल नव्हता, कडेला विटकरी झाला होता. वास मात्र! जून जांभळाचा, आमसुलाचा, आणि बंद पेटीतल्या लवंगेचा. मी घोट घेतला. खोटं कशाला बोलू, आवडला मला. आधी आंबट, मग तुरट, आणि मग बऱ्याच वेळाने घशात काहीतरी गोड रेंगाळत राहिलं. साहेब डोळे मिटून बसला होता. म्हणाला, तुमच्या उन्हाळ्यांनी दमवलंय हिला, जरा म्हातारी झालीय. पण अजून उभी आहे. चवीत वडिलांना ओळखलं मी.

यांनी दोन घोट घेतले, जरा तोंड वेडंवाकडं केलं आणि पेला ओटीच्या कठड्यावर ठेवून दिला. मग साहेबाला यंत्राचं काहीतरी विचारलं. तो बोलायला लागला, हेही रंगले, बोलत बोलत दोघं उठून जीपकडे गेले. शेत बघून येतो म्हणाले.

मी पेले गोळा करायला उठले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

त्या कठड्याशी गेल्या, वाकल्या, आणि यांच्या पेल्यात बघत राहिल्या. मला वाटलं, माशी पडली असेल. "आई, काय झालं?"

"हे बग गं," त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. "अर्दा हाय."

"त्यांना नाही आवडली. तुरट लागली असेल."

"आगं, ठेवून गेला. अर्दा पेला तसाच ठेवून गेला, मागं वळून बी बगितलं नाय." त्या कठड्याला धरून खाली बसल्या. "ह्याच्या बापासंगं मी येवडी वरसं काडली. त्याच्या भांड्यात उरलेली मी एकदा बी बगितली नाय."

आणि त्या रडायला लागल्या. लहान मुलासारखं, मोठ्याने. मीही त्यांना धरून रडले.

पेला मला उचलू दिला नाही. त्यावर ताटली झाकली आणि त्या त्याच्याजवळच बसून राहिल्या. दिवसभर शेजारपाजारचे साहेबाला बघायला येत होते. त्या प्रत्येकाला ताटली उचलून दाखवत होत्या आणि सांगत होत्या, "माज्या पोराची उरलीय."